अनुस्वार पुसू नका

प्रति,
मा. संचालक, राज्य मराठी विकास संस्था,
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य,
आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांची कार्यकारी मंडळे

विषय : जुनी पुस्तके व चित्रकथा स्कॅन करून कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात याबाबत.



भिसेगावात पावसाळ्याचे चार महिने पुस्तकांना कठीण जातात. कपाट बंद ठेवले तर बुरशी, उघडे ठेवले तर ओल. आमच्या घरी वडिलांनी जपलेले ‘चांदोबा’चे आणि इंद्रजाल कॉमिक्सचे अंक होते, आजोबांची काही पुस्तके होती. ती टिकावीत म्हणून काही वर्षांपूर्वी स्कॅनिंगला दिली. यंत्रात पाने भराभर जावीत म्हणून त्यांची शिवण कापली गेली. हाती आली एक पीडीएफ. इंद्रजालच्या वेताळ-अंकांतले रंग गेलेले आणि आजोबांच्या पुस्तकांतले अनुस्वार नाहीसे झालेले. सुट्या पानांचा पुढच्या दोन पावसांत लगदा झाला. आता ती सदोष फाइल हीच एकमेव प्रत आहे.

हेच सार्वजनिक संग्रहांच्या बाबतीत होऊ नये, म्हणून हे पत्र.

अनुस्वार जातो कसा? पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेताना प्रत्येक ठिपका शाई की कागद, असा निकाल यंत्र लावते. फिकट शाई कागदात जमा होते. मग डाग काढण्याची सोय चालू असेल, तर ती सुटे बारीक ठिपके पुसून टाकते. बुरशीचा ठिपका आणि अनुस्वार यांतला फरक तिला कळत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीची छपाई मात्र अशा अनुस्वारांनी भरलेली आहे. तिथे ‘तीं आलीं’ म्हणजे मुले आली आणि ‘ती आली’ म्हणजे एक बाई आली. दोन टिंबे पुसली की वाक्याचा कर्ताच बदलतो.

दुसरा धोका फाइल लहान करण्यात आहे. जेबिग-२ या पद्धतीचा एक प्रकार सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे एकच चित्र साठवतो आणि तेच सगळीकडे वापरतो. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत यामुळे ६ चा ८ होत होता, हे डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१३ साली दाखवून दिले. पान स्वच्छ दिसते, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या लिपीत घ-ध, प-ष अशा जोड्या आहेत. ही जोखीम आपण का घ्यावी?

म्हणून विनंती अशी, की प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती कराव्यात : एक जपायची, एक वाचायची.

जपायची प्रत रंगीत, किमान ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) आणि टिफ किंवा पीएनजीत असावी. तिच्यात काहीही पुसू नये. जागेची अडचण आता सांगता येणार नाही. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे रंगीत पान न दाबता सुमारे साडेबारा एमबी होते. तीनशे पानांचे पुस्तक चार जीबीच्या आत बसते. एका टीबीच्या डिस्कवर अशी अडीचशे पुस्तके मावतात.

वाचायची प्रत हलकी असावी. पुस्तकासाठी पीडीएफ-ए योग्य : दीर्घकाळ जपणुकीसाठीचे ते २००५ पासूनचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पानामागे युनिकोड मजकूर असावा, म्हणजे शब्द शोधता येतो. चित्रकथेसाठी सीबीझेड बरे. ती क्रमांक दिलेल्या पानांची साधी झिप फाइल असते, कुठल्याही संगणकावर उघडते. चित्रकथेची रंगछपाई बारीक ठिपक्यांची असल्याने तिचे मूळ स्कॅन ६०० डीपीआयने घ्यावे, नाहीतर चित्रावर जाळी उमटते. डेजाव्हू या आणखी एका प्रकारची फाइल फार लहान होते. पण इंटरनेट अर्काइव्ह या खुल्या डिजिटल ग्रंथालयाने २०१६ साली ती बनवणे थांबवले. आपणही एकट्या तिच्यावर विसंबू नये.

प्रती एकाच जागी ठेवू नयेत. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे संकेतस्थळ बंद पडले, तिथली कितीतरी मराठी पुस्तके आज वाचता येतात, ती इंटरनेट अर्काइव्हवर त्यांच्या प्रती झाल्या म्हणून.

आपल्याकडे चांगले काम झालेले आहे. बालभारतीने १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक सर्वांसाठी खुले केले, आणि आज कुठलेही मूल ते फुकट वाचते. त्याच तळमळीने उरलेले काम व्हावे. त्यासाठी स्कॅनिंगच्या निविदेत चार अटी घाला : जपायची प्रत वेगळी द्यावी, डाग काढण्याची सोय बंद ठेवावी, शिवण कापू नये, आणि प्रत्येक पान मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये.

जीर्ण पुस्तक पुन्हा पुन्हा यंत्राखाली धरता येत नाही. पुढच्या निविदेवर सही करण्याआधी आपल्या संग्रहातले १९६२ पूर्वीचे एक पुस्तक आणि त्याचे स्कॅन शेजारी ठेवा आणि एका पानावरचे अनुस्वार मोजून पाहा.

आपला नम्र,
एक वाचक
भिसेगाव, ता. कर्जत, जि. रायगड