‘यूस्ड टु’ आणि आपली मराठी

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना एक वाक्य दरसाल आमच्या दृष्टीस हटकून पडतें : ‘आय यूस्ड टु स्टडी एव्हरी डे.’ लिहिणाऱ्याच्या मनांत असतें, ‘मी रोज अभ्यास करीत असतों.’ परंतु वाचणारा समजतो, ‘मी पूर्वीं रोज अभ्यास करीत असें, आतां करीत नाहीं.’ असें पत्र एखाद्या मुलानें वसतिगृहांतून घरीं धाडिलें, तर वडिलांच्या जिवाला केवढा घोर लागेल बरें!

हा दोष इंग्रजीच्या अज्ञानाचा, असें म्हणतात. आमच्या मतें तो मराठीकडे केलेल्या दुर्लक्षाचा आहे. ‘करीत असतों’ हा रीतिवर्तमान व ‘करीत असें’ हा रीतिभूत, हा भेद ज्यास स्वभाषेंत उमगला, त्यास ‘यूस्ड टु’ दुसऱ्याच्याच जागीं बसतें, एवढें एकदां सांगितलें कीं पुरे. पहिल्यास साधा वर्तमानकाळ चालतो : ‘आय स्टडी एव्हरी डे.’ मात्र ‘आय ॲम यूस्ड टु वॉकिंग’ यांत ‘ॲम’ येतांच अर्थ पालटतो : ‘मला चालण्याची संवय आहे.’

दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं छापून निघालें. हें धन आपल्या घरचेंच आहे. पालकांस आमची विनंति कीं, मुलांस इंग्रजी यावें म्हणून मराठी व्याकरणास घराबाहेर काढूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वीं तें मनांत शुद्ध मराठींत म्हणून पहा. ‘मी रोज अभ्यास करीत असतों’ हें आधीं खरें करा; मग तें इंग्रजींत बिनचूक लिहिणें मुळींच अवघड नाहीं.