आधी शेत, मग सॉफ्टवेअर

सरकारी अ‍ॅपची रचना कशी असावी, हे ते वापरणारा माणूस कुठे उभा आहे आणि त्याच्या नोंदी मुळात कशा आहेत, यावरून ठरायला हवे. ई-पीक पाहणी हे त्याचे जवळचे उदाहरण. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या अ‍ॅपने तलाठ्याची गाव नमुना 12 मधली पीकनोंद शेतकऱ्याच्या हाती दिली. वरवर काम सोपे: गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि शेतातला फोटो. पण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्ये एका सातबाऱ्यावर भाऊ-बहिणी-चुलत्यांची नावे एकत्र असतात आणि वहिवाट वेगवेगळी. खाली भाताची खाचरे, वर वरकस उतारावर नाचणी-वरी. घरटी स्मार्टफोन नसतो आणि डोंगरातल्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो.

यातली प्रत्येक गोष्ट थेट रचनेत उतरते. एक मोबाइल म्हणजे एक शेतकरी असे धरले, तर शेजाऱ्याच्या फोनवर नोंद करणारा बाहेर राहतो; म्हणूनच अ‍ॅपमध्ये एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते. नोंद फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवायची, तर एकाच गटाच्या दोन विसंगत नोंदी उशिरा पोहोचल्यास कोणती ग्राह्य, हा नियम आधीच ठरवावा लागतो. खातेदार, प्रत्यक्ष कसणारा आणि पीक यांची माहिती स्वतंत्र ठेवली नाही, तर सामायिक जमिनीचे वास्तव नोंदीत येणारच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे पट्टेही सातबाऱ्याच्या नेहमीच्या चौकटीत सहज बसत नाहीत.

राज्याला एकच साचा हवा, पाड्यागणिक वेगळे सॉफ्टवेअर कसे करणार, हा आक्षेप रास्त आहे. पण साचा एकच असणार म्हणूनच तो सर्वांत अवघड शेतावर बेतला पाहिजे. अवघड शेताला पुरणारी रचना सोप्या शेतालाही पुरते. उलट होत नाही. दुसरा आक्षेप असा, की आधी सुरू करावे, चुका नंतर दुरुस्त कराव्यात. शहरी सेवेत पुढची आवृत्ती पंधरवड्यात येऊ शकते. खरीप मात्र वर्षातून एकदाच येतो. सप्टेंबरात सापडलेल्या चुकीची दुरुस्ती खऱ्या खरिपात तपासायला पुढचा पावसाळा उजाडावा लागतो. तोवर पीकविमा, नुकसानभरपाई आणि आधारभूत किमतीची भातखरेदी यांत त्या चुकीची किंमत शेतकरी मोजतो.

म्हणून महसूल विभागाने प्रत्येक नवी आवृत्ती भातलावणीपूर्वी अशा पाड्यांवर शेतकऱ्यांच्या हाती देऊन तपासावी, ज्या नोंदी होऊ शकल्या नाहीत त्यांची यादी जाहीर करावी आणि पुढचे काम त्या यादीपासून सुरू करावे.