निरोगीला चाकू, आजारीला गोळी!

"पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." हे वाक्य ऐकून आलेल्या बाया मला जालना जिल्ह्यात बैठकीगणिक भेटतात. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली! खाडा झाला की मुकादम दंड लावतो, म्हणून पाळीच नको, ही सक्ती होतीच. वर कॅन्सरचा धाक.

आणि पिशवी काढून बीजकोशाचा कॅन्सर टळतो थोडाच? बीजकोश मागे राहिले तर धोकाही राहतो. तरुणपणी तेही काढले तर पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होतात.

धाकासाठी सोनोग्राफीचा कागद होताच. आता तपासण्यांच्या पॅकेजमधून सीए-१२५ ही रक्ततपासणीही येते. दोन्ही काय सांगतात ते आपण समजून घेऊ. सोनोग्राफी गाठ दाखवते, किती मोठी, पाण्याची की भरीव. ती कॅन्सरचीच आहे असे ठाम सांगू शकत नाही. पाळी चालू असताना पाण्याच्या गाठी येतात आणि बहुतेक आपोआप जिरतात. रक्तातला आकडा ३५ च्या वर गेला की घाबरवतात. पण तो पाळीत, गरोदरपणात, फायब्रॉइडने, पोटाच्या टीबीनेही वाढतो. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्या जणींचा वाढतच नाही.

ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांवर बायांचा अभ्यास झाला. दरवर्षी तपासूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात (२०११) कॅन्सर नसलेल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली, १६३ जणींना गंभीर त्रास झाला.

मग तपासण्या टाकाऊ? मुळीच नाही! पन्नाशीच्या बाईचे पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहते, दोन घासांत भरते, ओटीपोट दुखते, लघवीला सारखे जावे लागते, तिला दोन्ही तपासण्या हव्यात. रक्ताचा आकडा, गाठीचे रूप आणि पाळी गेली की नाही, हे तिन्ही मिळून अंदाज बांधायची रीत १९९० पासून आहे. तिच्या हातात मात्र गॅसच्या गोळ्या पडतात.

म्हणून आमची मागणी आहे: तक्रार असलेल्या बाईला जिल्ह्यातच दोन्ही तपासण्या मोफत द्या, ऑपरेशनचे कारण मराठीत लेखी द्या, संशय असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात पाठवा. आणि बायांनो, रिपोर्ट दवाखान्यात सोडून येऊ नका. पुढच्या डॉक्टरला तो लागतो.