दुसरा बार

पुतण्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "काका, ही बघा. एक नळी वर, एक खाली. एवढ्या पैशात अशी बंदूक परत मिळायची नाय."

बंदूक देखणी होती, खोटं का बोला. दस्ता अक्रोडी रंगाचा, बाजूच्या पांढऱ्या पत्र्यावर उडती बदकं कोरलेली. आमच्याकडे रात्री भातात घुसतात ती डुकरं, दिवसा माडावर चढतात ते वानर. बदकांचा आणि आमचा संबंध काय, हे मी तेव्हाच विचारणार होतो. पण पोरगा खुशीत होता. काजूचे पैसे हातात आले होते, परवाना मंजूर झाला होता. मी एवढंच म्हणालो, "जाऊ या घाटावर. हातात घेऊन बघू."

आता हे लिहितोय ते त्या एका बंदुकीसाठी नाही. आमच्या वाडीत, शेजारच्या दोन वाड्यांत सध्या हेच वारं आहे. जुन्या शेजारशेजार नळ्यांच्या दुनळीला पोरं 'म्हाताऱ्यांची बंदूक' म्हणतात. गणपतीला आलेले चाकरमानी वरखाली नळ्यांची फोटोत दाखवतात आणि सांगतात, जगात आता हीच चालते. दुकानदार तेच सांगतो. माझं म्हणणं असं की शेताच्या राखणीला स्वस्तातली वरखाली घेणं म्हणजे शर्यतीचा बैल चिखलणीला जुंपणं. त्यातही तो बैल खरा शर्यतीचा असता तर गोष्ट वेगळी.

माझं म्हणणं कुठून आलं ते सांगतो.

मी चौदा वर्षांचा असेन. भात पोटरीला आलं होतं, पाऊस जायचं नाव घेत नव्हता. बाबा आणि मी मांगरात राखणीला. बाबांची दुनळी शेजारशेजार नळ्यांची, दोन चापांची. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. मध्यरात्री खालच्या कुणग्यात कचकच ऐकू आली. मी बॅटरी मारली तर एक एकुलगा डुक्कर, आणि तो पळायच्या ऐवजी उजेडाकडेच वळला. बाबांनी चाप ओढला. टक्. नुसतं टक्. काडतूस चार महिने पावसाळी हवेत राहून दमटलेलं. बाबांचं बोट मागच्या चापावर कधी सरकलं ते मला दिसलंसुद्धा नाही. दुसरा बार डुकराच्या पुढ्यात चिखलात बसला, चिखल आमच्या तोंडावर उडाला आणि डुक्कर बांधावरून पलीकडे गेलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैलो बार सगळ्यांचो वाजता रे. दुसरो वाजाक होयो."

बंदुकीबद्दल मला जे कळतं ते सगळं या एका वाक्यातून फुटलेलं आहे.

तर आम्ही दुकानात गेलो. बैल घ्यायचा तर आपण दात मोजतो, चालवून बघतो, नांगराला जुंपून बघतो. बंदूक मात्र काचेच्या कपाटातून बाहेर येते, गल्ल्यावर आडवी होते आणि परत जाते. बार काढून बघायची सोय नाही. म्हणून मी घरून वाजलेल्या काडतुसांची दोन रिकामी टरफलं खिशात घालून नेली होती. दोन्ही नळ्यांत घातली, पुतण्याला म्हटलं, "ओढ." टक् झालं. "पुन्हा ओढ." काही नाही. चाप मऊ पडलेला, मेलेल्या माशासारखा.

दुकानदार हसला. त्याने दस्त्याच्या मागे तळव्याने थाप मारली. "आता ओढा." टक्. म्हणाला, "साहेब, एकच चाप आहे ना. पहिल्या बाराच्या धक्क्याने तो दुसऱ्या नळीवर जातो."

मी विचारलं, "आणि पहिला बार वाजलाच नाही तर?"

"मग हे बटण सरकवायचं."

"अंधारात? एका हातात बॅटरी असताना? की थाप मारायला तुम्ही येणार मांगरात?"

पुतण्या माझ्यावर चिडला. चारचौघांत काकांनी तोंड सोडलं म्हणून. पण न्यायाने बोलायचं तर दुकानदार खोटं बोलला नव्हता. धक्क्यावर चालणारा चाप हा स्वस्त बंदुकीचा दोष नव्हे, नामांकित महागड्या बंदुकांतही तो असतो. काही बंदुकांत धक्क्याशिवाय दुसऱ्या नळीवर जाणारा चापही मिळतो. तो असता तर माझा निम्मा विरोध तिथेच गळून पडला असता. पण पुतण्याने हे विचारलं नव्हतं. त्याने किंमत विचारली होती आणि बदकं बघितली होती.

वरखालीचे गुण मी नाकारत नाही. नेम धरताना डोळ्यापुढे एकच अरुंद नळी दिसते, रुंद जोडी नाही. खालच्या नळीचा धक्का खांद्यात सरळ येतो, त्यामुळे तोंड कमी उचलतं आणि दुसरा नेम लवकर लागतो. हवेत फेकलेल्या मातीच्या थाळ्या फोडायला तिच्यासारखी बंदूक नाही. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी सुटलेल्या दोन थाळ्यांवर. त्या खेळात वरखालीचंच राज्य. पण ते लोक दिवसाला शेकड्याने काडतुसं उडवतात. आम्ही रात्रीत दोन-तीन उडवतो, आणि त्यातले बहुतेक बार आभाळात. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. 1972 चा वन्यजीव कायदा शेतकऱ्याच्या रागाला ओळखत नाही. आमचं काम आवाजाचं. आभाळात काढायच्या बाराला नेमाची पट्टी कशाला हवी?

दुसरी गोष्ट पैशाची. दोन नळ्या एकीवर एक ठेवून अशा जोडायच्या की चाळीस पावलांवर दोघींचे छर्रे एकाच जागी पडावेत, हे सोपं काम नाही. जॉन ब्राउनिंगसारखा माणूस वरखाली बनवता बनवता 1926 साली वारला आणि काम पुढे मुलाने पुरं केलं. तेव्हा अशी बंदूक कुणी अगदी स्वस्तात देत असेल तर त्याने कुठेतरी हात आखडलाच आहे. दस्त्यावर आणि बदकांवर आखडत नाही, कारण ती गिऱ्हाइकाला दिसतात. आखडतो तो आतल्या स्प्रिंगांवर, टाचणीच्या पोलादावर, बिजागरीच्या घासकामावर. तिथे कुणाची नजर जात नाही.

बघायचं असेल तर बघता येतं. पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद करा आणि नळ्या धरून हलवा. नव्या बंदुकीत खुळखुळ आली तर नमस्कार करून ठेवून द्या. उघडायची पट्टी बघा. नव्या बंदुकीत ती मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते, झिजत जाते तशी मध्यावर येते. नवी असून मध्यावर किंवा डावीकडे गेली असेल तर ती जन्मतःच म्हातारी. नळ्यांतून उजेडाकडे बघा, आत छायेची वर्तुळं सरळ दिसली पाहिजेत. आणि रिकामी टरफलं घालून दोन्ही टक् ऐका. या चार गोष्टींना दहा मिनिटं लागतात. लग्नाची मुलगी बघायला आपण याहून जास्त वेळ घेतो आणि तिथे बघण्यासारखं काही नसतं.

तिसरी गोष्ट आमच्या हवेची. इथे चार महिने भिंतीला पाणी सुटतं. बंदुकीवरचा काळा मुलामा पातळ असला की पहिल्याच श्रावणात तांबेरा धरतो. बाबा शिवणयंत्राचं तेल लावून फडक्याने पुसत. खोबरेल लावणाऱ्यांच्या बंदुका आतून चिकटून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यात निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची. 2024 साली दोनदा आली, एकदा काजूच्या मोसमात, एकदा भात कापणीत. डुकरांना आचारसंहिता नसते. आणि ठाण्याच्या खोलीत तुमची बंदूक पुसायला कुणी बसलेलं नसतं.

शेवटची गोष्ट कायद्याची. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीला मूळ धरली आहे ती ठासणीची बंदूक. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच काडतुसाची मिळते. 2019 पासून एका परवान्यावर दोनच शस्त्रं. म्हणजे परवान्यातली ती जागा शेताच्या तुकड्याइतकी मोलाची. चुकीची बंदूक घेतली तर शर्टासारखी बदलून मिळत नाही, नोंद आणि परवानग्या यांत वर्ष जातं. तेवढ्यात दोन पिकं डुकरं खातात.

यावर पुतण्याचं एकच उत्तर होतं. "काका, लोक काय म्हणतील? नवीन परवाना आणि जुनाट बंदूक?" खरा मुद्दा हा होता तर. मग शेताचं नाव कशाला घेतोस? भिंतीवर टांगायला घे, खुशाल घे, मी पेढे खायला येईन. पण राखणीला जाणार असशील तर लोक मांगरात येत नाहीत. तिथे तू, बॅटरी आणि दमटलेलं काडतूस.

परत येताना घाट उतरेपर्यंत तो बोलला नाही. महिन्याने स्वतःच एक जुनी दुनळी बघून आला, दोन चापांची, दस्त्याला एक चीर असलेली. मला म्हणाला, "टरफलं नेली होती. दोन्ही वाजले."

चीर आम्ही सुताराकडून भरून घेतली.