‘कम्युटर’ शब्दातील करार

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथून रोज सकाळी मुंबईची गाडी गाठणाऱ्या माणसास इंग्रजीत ‘कम्युटर’ म्हणतात. आपणही हा शब्द सर्रास वापरतो आणि त्याचा अर्थ ‘रोजचा प्रवासी’ एवढाच समजतो. वस्तुतः या शब्दाच्या मुळाशी प्रवासाचा गंधही नाही.

लॅटिनमध्ये ‘मुतारे’ म्हणजे बदलणे. त्यास उपसर्ग लागून ‘कोम्मुतारे’, म्हणजे एकाच्या जागी दुसरे आणणे, असे क्रियापद झाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्या रोजच्या भाड्याऐवजी ठरावीक मुदतीची सवलतीची रक्कम एकदम स्वीकारू लागल्या. या अदलाबदलीचे तिकीट ते ‘कम्युटेशन तिकीट’ आणि ते बाळगणारा तो ‘कम्युटर’. आपल्या बोलीत सांगावयाचे तर निव्वळ पासधारक!

हे मूळ ध्यानी आले की दूरदूरचे शब्द एका कुळातले निघतात. निवृत्त होणारा कारकून पेन्शनचा काही भाग ‘कम्यूट’ करतो, म्हणजे दरमहाच्या रकमेऐवजी एकरकमी पैसे घेतो. शासकीय मराठीत ते अंशराशीकरण. राष्ट्रपती फाशीच्या जागी जन्मठेप देतात, तेही कम्युटेशनच. गणितातील बेरजेची क्रमनिरपेक्षता, म्हणजे ‘कम्युटेटिव्ह’ गुणधर्म, आणि जमिनीच्या दप्तरातील फेरफार, म्हणजे ‘म्युटेशन’, ही याच घराण्यातील भावंडे. शिक्षकांनी हे एक मूळ फळ्यावर मांडले, तर चार शब्द वेगवेगळे घोकण्याचे विद्यार्थ्यांचे कष्ट वाचतील.

परंतु या शब्दाने दाखविलेला हिशेब येथे संपत नाही. कम्युटेशन म्हणजे बहुधा जड बोजाच्या जागी हलका बोजा. रेल्वे १८५३ साली ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास पोहोचली. पुढे पासाने भाड्याचा बोजा हलका केला. प्रवासाचा मात्र उत्तरोत्तर जड होत गेला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. या बोजाचे कम्युटेशन कोणी करावयाचे? रेल्वेने गाड्या वाढवून, कचेऱ्यांनी कामाच्या वेळा विभागून आणि शासनाने ठाण्यापलीकडे रोजगार आणून. करारातील आपली बाजू पासधारकाने केव्हाच पाळली आहे. त्याची रक्कम आगाऊ जमा असते.