तापलेल्या टायरची हवा

समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी २५ अंशांना ३२ पौंड हवा भरलेला जीपचा टायर दुपारी आतून ६० अंशांपर्यंत तापला, की काटा ३७ वर जातो. टायर फारसा फुगत नाही. हवेला पसरायला जागाच नाही, म्हणून दाब वाढतो. हिशेब केल्व्हिनमध्ये, वातावरणाचे पावणेपंधरा पौंड मिळवून करायचा: २९८ चे ३३३, म्हणजे जेमतेम बारा टक्के. एवढी वाढ टायर बनवणाऱ्यांनी धरलेलीच असते. म्हणून कळकळीने सांगतो, तापलेल्या टायरची हवा सोडू नका. हवा सोडून काटा ३२ वर आणलात, तर रात्री निवल्यावर तो २७ वर येईल. आणि कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, जास्त तापतो, बहुधा तोच फुटतो.