प्रोटॉनची पात आणि 110 मिनिटे

खळ्याच्या मधोमध रोवलेला तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात आणि मागून हाकणारा माणूस. मळणीयंत्रे येण्यापूर्वी बीड जिल्ह्यात सुगीच्या दिवसांत हे चित्र गावोगावी दिसे. बैल सरळ जाऊ पाहतो, दावे त्याला तिवड्याकडे ओढून धरते आणि त्याची वाट गोल होते. दावे बैलाला फक्त वळवते. त्याला पळवण्याचे काम हाकणाऱ्याचे. कर्करोगाच्या ‘पेट स्कॅन’ तपासणीत लागणारे औषध ज्या यंत्रामुळे तयार होते, ते याच तत्त्वावर चालते. बीड, अंबाजोगाई किंवा परळीहून या तपासणीसाठी मोठ्या शहरात जाणाऱ्या रुग्णाला दिलेली वेळ इतकी काटेकोर का असते, याचे उत्तरही या यंत्रापासून सुरू होते.

यंत्राचे नाव सायक्लोट्रॉन. बारावीच्या भौतिकशास्त्रात ते भेटते. परीक्षेपुरते पाठ होते आणि विसरलेही जाते. त्यात बैलाच्या जागी विद्युतभारित कण असतो आणि दाव्याच्या जागी चुंबकीय क्षेत्र. धावत्या कणावर हे क्षेत्र त्याच्या वाटेशी काटकोनात जोर लावते. त्यामुळे कणाची दिशा सतत बदलत राहते, वेग मात्र तोच राहतो. वेग वाढवते ते विद्युत क्षेत्र. दोन पोकळ धातूच्या कप्प्यांमधली फट ओलांडताना कणाला दरवेळी एक रेटा मिळतो. वेग वाढला की वर्तुळ मोठे होते, जणू दावे थोडे थोडे सैल सोडले जाते. असा कण मधून कडेकडे चकलीसारखा फिरत जातो.

यातली खरी गंमत पुढे आहे. वेगवान कणाला मोठी फेरी मारावी लागते, त्यामुळे लहान फेरीला आणि मोठ्या फेरीला लागणारा वेळ सारखाच राहतो. म्हणून रेट्याची लय एकदा जुळवली की प्रत्येक फेरीला ती लागू पडते. एक टेस्ला क्षेत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक ताकदीच्या क्षेत्रात, प्रोटॉन सेकंदाला सुमारे दीड कोटी फेऱ्या मारतो. अमेरिकेत बर्कले येथे अर्नेस्ट लॉरेन्स आणि त्यांचे विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांनी 1931 मध्ये चालवून दाखवलेला सायक्लोट्रॉन तळहातावर मावेल एवढा होता. लॉरेन्स यांना त्यासाठी 1939 चे नोबेल मिळाले. कणाचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊ लागला की ही लय बिघडते. मग दाव्याची लांबी कायम ठेवून चुंबकाचा जोर वाढवत न्यावा लागतो. जिनिव्हाजवळचा 27 किलोमीटर घेराचा महाकाय त्वरक असा चालतो.

रुग्णालयांना इतके मोठे यंत्र लागत नाही. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. अशा यंत्रांत बहुधा दोन इलेक्ट्रॉन असलेला ऋणभारित हायड्रोजन फिरवला जातो. कडेला पोचल्यावर तो कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जातो, दोन्ही इलेक्ट्रॉन निघून जातात आणि धनभारित प्रोटॉन उरतो. भार उलटला की तेच चुंबकीय क्षेत्र त्याला विरुद्ध बाजूला वळवते आणि तो चक्राबाहेर पडतो. समोर विशिष्ट जड ऑक्सिजन असलेले पाणी ठेवलेले असते. प्रोटॉन त्यावर आदळला की किरणोत्सारी फ्लोरिन-18 तयार होते. ते साखरेसारख्या रेणूला जोडून इंजेक्शन बनवतात. कर्करोगाच्या बऱ्याच गाठी साखर अधाशासारखी ओढून घेतात, त्यामुळे त्या स्कॅनमध्ये उजळून दिसतात. तपासणीपूर्वी उपाशी राहायला सांगतात आणि रक्तातली साखर तपासतात, ते याचसाठी.

आता प्रश्न अंतराचा. फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटे. म्हणजे दर 110 मिनिटांनी त्याची ताकद निम्मी होते. परळ ते बीड अंतर सुमारे 400 किलोमीटर. गाडीला आठ तास लागले असे धरले, तर पाठवलेल्या मात्रेचा जेमतेम विसावा हिस्सा हाती येईल. हे औषध बर्फात ठेवून टिकत नाही. निघतानाच जास्त मात्रा भरावी लागते आणि खर्च वाढतो. एसटी चुकली, घाटात गाडी अडकली आणि रुग्ण दोन तास उशिरा पोचला, तर त्याच्यासाठी ठेवलेली मात्रा निम्म्याहून कमी झालेली असते. झटपट विरून जाणे हा या औषधाचा गुणही आहे, कारण त्यामुळे शरीरात किरणोत्सार फार काळ राहत नाही. मात्र या गुणाची किंमत लांबून येणारा रुग्ण मोजतो.

म्हणून मराठवाड्यात पेट स्कॅनची सोय वाढवताना स्कॅनरच्या किमतीइतकेच जवळच्या सायक्लोट्रॉनपासूनचे अंतर विचारात घ्यायला हवे, आणि ते किलोमीटरमध्ये न मोजता मिनिटांत मोजायला हवे. प्रत्येक जिल्ह्यात सायक्लोट्रॉन उभारणे व्यवहार्य नाही. चुंबक, जाड काँक्रीटच्या भिंती, औषधशाळा आणि प्रशिक्षित माणसे असा तो मोठा पसारा असतो. पण विभागासाठी एक केंद्र आणि त्याभोवती दोन-तीन तासांच्या आत पोचता येतील अशी स्कॅन केंद्रे, ही आखणी करता येण्यासारखी आहे.

तोवर काही गोष्टी बिनखर्चात करता येतील. रुग्णालयांनी परगावच्या रुग्णांना वेळ देताना त्यांच्या गावाहून निघणाऱ्या गाड्यांचा विचार करावा आणि उशीर झाल्यास कळवण्यासाठी फोन नंबर द्यावा. रुग्णाला गावातूनच पाठवणाऱ्या डॉक्टरांनी उपवास, मधुमेहाची औषधे आणि वेळ यांविषयीच्या सूचना मराठीत लिहून हातात द्याव्यात. नातेवाइकांनी शक्य असेल तर आदल्या रात्रीच शहर गाठावे. चुंबकाने प्रोटॉनला अचूक वळवून तयार केलेले औषध वाटेतल्या खोळंब्यामुळे वाया जाऊ नये, एवढी काळजी सगळ्यांनी मिळून घेता येते.